एका भिंतीपलीकडची कमाई

इंझोरी

आदरणीय मामाजींना धम्मदीपाचा सविनय जय भीम.

तुमची नि मामीची तब्येत बरी असेल, पुण्याच्या धुळीचा खोकला गेला असेल. इकडे आजी खुशाल आहे आणि माझं काम शाबूत आहे. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तुमचा जीव टांगणीला लागणार नाही. (माझा आठ दिवस लागला होता.)

वीस वर्षांत कोणत्या भागातल्या घरांची कमाई किती वाढली, याच्या पाहणीचं काम मला मिळालं आहे. पहिलं घर रुखमाबाईंचं. त्यांचा मुलगा लग्नाचा, आणि वावर किती, विहिरीला पाणी किती, कमाई किती, हे आपल्याकडे मुलीकडचेच विचारतात. त्यांनी मला मुलीकडची समजून पोहे दिले आणि वर्षाचे बारा लाख सांगितले. भिंतीपलीकडे त्यांचे सख्खे दीर लखीराम. वावर निम्मंनिम्मं, वीस वर्षांपूर्वीची कमाई एकच, कारण घरच एक होतं. पण त्यांना वाटलं, मी पिवळं रेशन कार्ड बंद करायला आले. त्यांनी चाळीस हजार सांगितले. दारातली मोटरसायकल कोणाची? "पाव्हण्याची हाय." तिच्यावर लाल अक्षरात 'लखीराम' लिहिलेलं. "पाव्हण्याचं नावबी लखीरामच हाय ना बाई!" मी तेही शेऱ्यात लिहिलं आणि खाली सही केली.

सहीनेच घात केला. तुमच्या बाबांनी (आपल्या ग्यानबा आजोबांनी) शाळेआधीच मला घरी कोळशाने अक्षरं शिकवली, तेव्हाच बजावलं होतं, सही केली की खरं-खोटं आपल्या माथी. त्यामुळे कारंजाच्या ऑफिसातल्या साहेबांनी "वाशीम-पुण्यात नाही एवढा फरक एका भिंतीत कसा?" म्हणून विचारलं, तेव्हा मी रडलेच. पण कागद पुढे गेलेच नव्हते! "जा, पुन्हा विचारून ये," एवढंच ते म्हणाले.

या वेळी दारातच सांगितलं, मी मुलीकडची नाही, रेशनचीही नाही. रुखमाबाई भडकल्या. "मंग त्या दिवशी पोहे कायले खाल्ले वं?" पण त्या खाली उतरल्या, लखीराम वर चढले आणि तीन लाखांच्या आसपास दोघांची गाठ पडली. साहेबांनी कागद घेतले. मामाजी, आठ दिवसांनी मी पोटभर जेवले.

तुमची भाची,
धम्मदीपा

ता. क. आपल्याच घराचा, भागिरथा आजीच्या नावाचा कागद तेवढा राहिला आहे. त्यात बाहेरगावी गेलेल्या मुलाची कमाई लिहायची असते. तुमच्या उज्ज्वलाताईच्या लग्नात तुम्ही व्याह्यांना सांगितलेली मला आठवते, आणि आजीच्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळी सांगितलेलीही. कोणती लिहू?

आणखी एक. आजी म्हणते, "मोठी लिही." दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन राहिलं आहे.