दादाच्या विभागाचा तोटा

सोमवार, ४ मार्च

झालं एकदाचं! आजपासून आमच्या पंपांच्या कारखान्याचा नफा-तोटा रोज सकाळी नऊला पडद्यावर. नाहीतर महिना उलटून वीस दिवस व्हायचे, तेव्हा कुठे जुने हिशेबनीस काका मान वर करायचे. तोवर बोंबलून काय उपयोग! वित्तप्रमुख झाल्यापासून हेच डोक्यात होतं. आता जोडणी, विक्री, दुरुस्ती — प्रत्येकाचा हिशेब वेगळा. शेडचं भाडं काका सामाईक खात्यात टाकून मोकळे व्हायचे. मी ते जागेप्रमाणे तिघांत वाटलं. साहेब भलतेच खूश.

सोमवार, ११ मार्च

दुरुस्ती विभाग आठवडाभर लाल. नेमका दादाचा.

गुरुवार, १४ मार्च

जेवणाच्या सुट्टीत दादा केबिनमध्ये आला. जळालेल्या मोटरींत तांब्याची तार नव्यानं भरण्यात त्याची एकोणीस वर्षं गेली. मला इथं चिकटवलं तेही त्यानंच. पडद्यावरच्या लाल आकड्यावर त्यानं बोट ठेवलं. मग म्हणाला, "छोटे, आम्ही एवढे तोट्यात आहोत?"

मी भाड्याचा आकडा दाखवला. उघडे पंप पसरायला त्यांनाच सगळ्यात जास्त जागा लागते, हेही सांगितलं. म्हणाला, मग बरोबरच असेल. माझ्याशी तो कधी वाद घालत नाही. लहानपणापासून घरात हुशार मी ठरलेली ना!

मंगळवार, २ एप्रिल

साहेबांनी विचारलं, भाऊ आहे म्हणून हात आखडता घेणार नाही ना? झोंबलं ते. विभाग बंद करण्याच्या कागदावर तिथल्या तिथे सही केली. सात कामगार आणि दादा. घरी येऊन रडले. सहीच्या आधी रडायला काय झालं होतं?

मंगळवार, ३० एप्रिल

शेवटचा दिवस. दादानं हत्यारं पुसली, मोजली, माझ्या स्वाधीन केली. मी पोचपावती लिहून दिली, तर ती वाचून म्हणाला, तुझं काम चोख असतं. टोमणा नव्हता तो. मला तोंड वर करून बघवेना.

शनिवार, ४ मे

वहिनीचा फोन. एका शब्दानं बोलली नाही मला. दादा अजूनही सातला तयार होऊन बसतो म्हणे, आणि मग बूट काढून ठेवतो.

सोमवार, ३ जून

आज जोडणी लाल! काम तेवढंच, विक्री तेवढीच. तासभर आकड्यांशी झटले तेव्हा डोक्यात उजेड पडला. अख्खी शेड एकाच करारावर आहे. दुरुस्ती बंद झाली म्हणून भाडं एका पैशानं कमी झालेलं नाही — दादाच्या वाट्याचं या महिन्यापासून उरलेल्या दोघांवर आलं, एवढंच. भाडं बाजूला काढून दादाचे जुने महिने पुन्हा मांडले. प्रत्येक महिन्यात त्याचा विभाग कमावत होता. त्या कमाईतूनच भाड्याचा मोठा भाग निघत होता, आणि ती कमाई मी बंद केली.

साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी आकडे दोनदा तपासले. मग म्हणाले, सातही जणांनी दुसरीकडे कामं धरली, आता कोण परत येणार?

दादाला अजून सांगितलेलं नाही. तो भेटेल त्याला सांगतोय — "विभाग माझ्या हातानं बुडाला, छोटीची त्यात काही चूक नाही."