लसीला दाद न देणारं रक्त

तीर्थस्वरूप मामांना भाच्याचा वाकून नमस्कार. (कंबर अजून वाकते, काळजी नसावी.) तुमचे गुडघे आणि मामीचा स्वभाव, दोन्ही पूर्वीसारखेच असतील असं धरून चालतो. आईची फुप्फुसं मात्र यंदा फार रुसली आहेत. घरात फ्लू शिरता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलंय.

म्हणून मी मोठ्या रुबाबात लस घेतली. माझ्या चष्म्याच्या दुकानामागच्या इस्पितळात सध्या संशोधन चाललंय, की कोणाचं शरीर या लसीला किती दाद देतं. टोचण्याआधी रक्त, टोचल्यावर रक्त, महिन्याने पुन्हा रक्त, आणि बदल्यात बिस्किटं. (डास निदान बिस्किटांचं नाटक करत नाही.) मी छाती काढून बसलो होतो. पोराला आजार शिवत नाही, आमच्याकडचं रक्त आहे, असं तुम्हीच सांगत आलात ना? तेच मी तिथल्या डॉक्टरीणबाईंना ऐकवलं. त्यांनी मान डोलावली आणि सुई खुपसली.

निकाल असा, की लस आली नि गेली, रक्ताने ढुंकून पाहिलं नाही. फ्लूशी लढणारी प्रतिपिंडं जेमतेम वाढली. बाई म्हणाल्या, यात थोडा भाग आईवडिलांकडून आलेल्या जनुकांचा, थोडा वयाचा, थोडा आधी होऊन गेलेल्या फ्लूचा, शिवाय रक्तातल्या पेशी त्या वेळी किती तयारीत होत्या त्याचा. आमच्या घरी यातलं फक्त 'आईवडिलांकडून' एवढंच पोचलं. काकांनी लगेच हात झटकले, हे आमच्याकडचं नाही, मामाकडचं. एरवी माझ्या नाकावरही हक्क सांगणारा माणूस. तेव्हा तुम्ही येऊन रक्त तपासून घ्या आणि काकांचं तोंड बंद करा. तुमचा आणि आईचा अबोला आहे हे ठाऊक आहे (कशावरून, ते दोघांनाही आठवत नाही), पण इस्पितळ घरापासून लांब आहे. गाठ पडायची भीती नाही.

तुमचा, निदान निम्मा,
भाचा

ता. क. सध्या मी मास्क लावून आईशी दारातूनच बोलतो. तिला वाटतं, मी उधारी मागायला आलोय.

आणखी ता. क. इस्पितळाला तुमचं रक्त नकोय. त्यांनी विचारलेलंही नाही. तुम्ही हवे आहात ते आईला. परवा तिने झोपेत तुम्हाला हाक मारली. जागी झाल्यावर विचारलं, तर म्हणाली, मी कशाला मारू? मामा, मला तिची फार काळजी वाटते. तुम्ही आधी लस टोचून घ्या. ती अंगी लागायला पंधरवडा जातो म्हणतात, तेवढं थांबा. त्याहून जास्त थांबू नका.