मोकळ्या हातानं आलेला मुराळी

प्रिय उज्ज्वला,

सुखरूप पोचलो. नांदेडहून एसटीनं औशाला उतरलो, तर स्टँडवरच तुझे शेषेराव काका उभे. माझ्या मागून कुणी उतरतंय का ते बघितलं आणि म्हणाले, "काय रे सिद्धराम, दिवाळीला लेक आणायला मुराळी म्हणून गेलतास, का टायरात हवा भरायला?" चार माणसं हसली. मीही हसलो. म्हणालो, "हाव, मोकळाच आलो. लेक तिच्या घरी हाय."

मग घरी बैठक बसली. नवरा सरहद्दीवर, पोर परक्या गावात, छावणीत एकटी, लोक काय म्हणतील, सगळं पुन्हा झालं. 'यंदा आली न्हाई तर पुन्हा या उंबऱ्यात पाऊल ठेवायचं न्हाई,' हेही झालं. याच धमकीला भिऊन तू बॅग भरून ठेवली होतीस ना? अगं, हा उंबरा मी पंक्चर काढून काढून बसवलाय. त्यावर कुणी पाऊल ठेवायचं ते शेषेराव ठरवणार न्हाईत. तसं तोंडावर सांगितलं. तुझी माय आत खलबत्त्यात वेलदोडे कुटत होती. ठोका चुकला नाही, म्हणजे तिला पटलं.

न्यायला आलेला बाप भरलेली बॅग स्वतःच रिकामी करून कसा गेला, हे तिथं सांगायचं राहिलं. लहानपणी दुकानात तू ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधायचीस आणि मी नुसत्या कानानं भोक सांगायचो, आठवतं? त्याच कानांचं हे काम. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी क्वार्टरांच्या लायनीत तुम्ही सगळ्याजणी अंगणात करंज्या लाटत होतात. सगळ्यांचे नवरे वर बर्फात. कुणी पंजाबीत चिडवतीय, कुणी हिंदीत, आणि तू आपल्या औशाच्या मराठीत सगळ्यांना दामटत होतीस! त्यात तुझ्या शेजारच्या पार्वतम्माचा फोन वाजला. सगळी लाटणी एकदम थांबली. नुसतं तेल चरचरत होतं. तुझा पिठाचा हात तिच्या कोपरावर गेला. ती ऐकत राहिली, ऐकत राहिली, आणि खळखळून हसली. मला तेलुगू येत न्हाई, पण तेवढं कळलं. मग कुठं लाटणी सुरू झाली.

औशात तुझा फोन वाजला तर मी थांबेन, तुझी माय थांबेल. गल्ली लाडू खात राहील. तिथं अख्खी लायन थांबते. तिथून तुला उचलून आणणारा मी कोण?

आता ऐक. तुळशीच्या लग्नाला तुझ्या मायला घेऊन मीच येतोय. ऊस, बोरं, आवळे सगळं घेऊन, पार्वतम्मालाही पुरेल इतकं. शेषेरावांना सांगून निघणार, स्टँडवरच, चार माणसांत: यंदा माहेरच लेकीकडं चाललंय.

तू म्हणशील, अण्णा, एवढ्यासाठी पत्र? फोन खिशात आहे की. आहे ना. दोनदा बाहेर काढला आणि परत ठेवला. माझा फोन वाजला असता, आणि तेवढ्यासाठी तुमच्या सगळ्यांचे हात थांबले असते. जावईबापू सुदर्शनरावांचा वाजतो तेवढा पुरे. माझं आपलं पोस्टानं येऊ दे.

तुझाच,
अण्णा