पावट्यांवर मांडलेली पाळी

चि. सुदर्शन,

महाळुंगे पडवळहून गेणूमामाचा आशीर्वाद, आणि तोही तू ताईचा मुलगा आहेस म्हणून. ताईची कंबर आता कशी आहे? तुझी तब्येत विचारत नाही. दुसऱ्याचं पाणी वाटून देणाऱ्यांच्या तब्येती ठणठणीतच असतात.

आपल्या सामायिक विहिरीवर मोटार एक, वाटेकरी तीन. माझी पाळी एक दिवसाआड, सावळेराम आणि कुशाबाची दर चौथ्या दिवशी. जमिनी तशा, म्हणून पाळ्या तशा. दिवाळीत सावळेराम मागायला काय आला होता? लेकीच्या साखरपुड्यासाठी एक दिवस इकडचा तिकडे. मी 'घे राव' म्हणून मोकळा होणार, तोच तू ओट्यावर पावटे मांडायला बसलास. पुण्यात तुझं संशोधन म्हणे असल्याच अदलाबदलींचं: आज शून्य, उद्या एक, काल उणे एक, असे सगळे पूर्णांक रांगेत धरायचे आणि एकाची ओळ उचलून दुसऱ्याच्या जागी बसवायची. माझे सगळे दिवस त्याला, त्याचे सगळे मला. पहिल्याला पहिला, दुसऱ्याला दुसरा. दोन्ही ओळी अनंत, कुणाचा एकही दिवस उरत नाही. पावटे संपले, पण तुझा सिद्धांत संपेना. मी मान डोलावली (भाच्यापुढे कळलं नाही असं कसं म्हणायचं?).

आता सावळेराम एक दिवसाआड भिजवतो आणि मी चौथ्या दिवसाची वाट बघतो. अनंतात बरोबरी होईलही, मेल्या, पण कांदा त्याआधी काढावा लागतो! पातीने माना टाकल्यात. (उणे दिवसही बदलले, म्हणजे आजोबांनी भिजवलेला ऊससुद्धा सावळेरामचाच. तसं तो पारावर सांगतोही.)

मग कुशाबा दारात, त्यालाही अदलाबदल हवी. "आमी काय घोडं मारलं?" मी चिडून तुला फोन केला की, ही एकच अदलाबदल राहू दे, बाकी बंद. तर तू म्हणालास, "मामा, या अदलाबदलींचा मिळून जो गट होतो, त्यात मधे थांबता येत नाही. एक मान्य केली की तीच जागा बदलून बदलून करावी लागते आणि त्यांतून सगळ्याच निघतात. अशा गटाला आम्ही साधा म्हणतो." साधा! तीन घरांचं बोलणं बंद पडलंय इथे!

फोन स्पीकरवर होता आणि तुझी मामी चुलीपाशी. ती रोज गाईच्या धारा काढते. मी वर्षातून एकदा, पोळ्याला, बैल धुतो. ती म्हणाली, "आपण बी बदलू. तुमचा पहिला पोळा, माझी पहिली धार. उरतंय का काय?" उरत नाही. तेव्हापासून मी गोठ्यात असतो.

या घरात पुन्हा पावट्याला हात लावलास तर याद राख.

तुझा (नाइलाजाने) मामा,
गेणू

ता. क. रविवारी ये. तीच अदलाबदल पुन्हा एकदा केली की सगळं जागच्या जागी येतं, असं तूच बोलला होतास. सावळेरामला तसंच गोड बोलून पटव. पावटे मी देतो.

ता. क. २. मामी म्हणते, सुदर्शनने फक्त पाणी उलटवायचं, धारा नाहीत. मी ठणकावलं, एक उलटवलं की सगळंच उलटवावं लागतं, मधे थांबता येत नाही. ती म्हणाली, "मग ऱ्हाऊ द्या कांदा. बादली घ्या, गाय हंबरतीय."