दारासाठी बांधलेली ढाबळ

क्लातेन, मंगळवार

आदरणीय पाकदे, पुतण्या सुपाद्मोचा वाकून नमस्कार. बुदेकाकूंचे गुडघे काय म्हणतात? तुमचा खोकला, तुमच्या लवंगी सिगारेटी आणि डॉक्टर, यांच्यात सध्या कोण जिंकतंय? इकडे सगळे ठीक, म्हणजे जिवंत आहेत.

तर झालं असं. आमच्या विनार्सिहचा जोग्याहून फोन आला, "बाबा, रविवारी दाराला घेऊन येते. त्याचं नीट करा हं, फार गोड आहे." आता दारा म्हणजे आपल्या जावानीत कबूतर, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हटलं, पोरीला शहरात एकटं वाटलं असेल, पाळलं असेल एखादं. मी अंगणात खांबावर बांबूची ढाबळ उभारली, आत मका टाकला, वर हिरवा रंग दिला (तुमच्या खिडक्यांचा उरलेला). रविवारी बसमधून उतरला तो लाल दाढीचा, ताडमाड आयरिश माणूस! माझा हात कपाळाला लावून म्हणाला, "मी दारा." कुंपणापलीकडून तुकिजान ओरडला, "सुपाद्मो, पाय बाहेर राहतील की रे याचे!" एवढ्यावर थांबेल तर तो शेजारी कसला. "आणि शाळेतल्या पुस्तकी भाषेत दारा म्हणजे कुमारिका. दाढीवाली आजच बघतोय!"

पाहुणा बिचारा अब्रू सावरायला गेला आणि जेवताना म्हणाला, "आमच्या भाषेत दारा म्हणजे दुसरा." झालं! आमच्या सुमिंतेनचा भाताचा डाव हवेतच राहिला. "दुसरा? म्हणजे बिजवर! पहिली कुठाय?" तिने भाताचं भांडं उचललं आणि आत गेली. विनार्सिह रडायला लागली. नाव मुळात ओक नावाच्या झाडावरून आलंय, असं तो सांगू लागला. मी म्हटलं, "बाबा रे, आता मध्ये झाड आणू नकोस." शेवटी त्याने आपल्या आईला फोन लावला. तिकडे उजाडत होतं. पडद्यावर विस्कटलेल्या केसांची एक माउली जांभई देत आली. विनार्सिहने नाक पुसत दुभाषीपण केलं. "पहिली? अहो बाई, चाळिशी आली त्याची, गावभर विचारून दमले मी! तुम्ही घेताय तर घ्या, पण परत पाठवायचा नाही हं!" सुमिंतेन खळाळून हसली. भात परत आला, वर दोन अंडीही आली. मग दोघी विहिणी एकमेकींचं अक्षर न कळता अर्धा तास बोलल्या.

हात धुऊन तो अंगणात गेला. ढाबळ कुणाची, विचारलं. विनार्सिहने सांगून टाकलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने वाकून दाढीसकट मुंडकं ढाबळीत घातलं आणि आतून आवाज काढला, "गुटर्रगूं!" पाकदे, मी तिथेच पोर देऊन टाकली.

आपला आज्ञाधारक,
सुपाद्मो

ता. क. पत्रिकेवर 'विनार्सिह आणि दारा' छापलं तर लोक आहेरात मका आणतील. जावयाला भारदस्त जावानी नाव हवं, आणि ते वडीलधाऱ्यानेच ठेवायचं. वडिलांच्या मागे मोठे तुम्हीच, तेव्हा तातडीने या.

पुन्हा ता. क. घाई एवढ्यासाठी, की तुकिजानने त्याला 'एन्तोक' म्हणजे शूर सेनापती, असं परस्पर पढवलंय. बिचारा कबुतरातून सुटला आणि बदकात शिरला. काल भर बाजारात छातीवर हात ठेवून ज्याला त्याला तेच नाव सांगत होता. विनार्सिहने त्याला काही सांगितलेलं नाही. मीही नाही. त्याची डुलती चाल बघितलीत तर तुम्हीही सांगणार नाही.