फुटाणेच

लक्ष्मीपूजन, संध्याकाळ

खडकीला आमच्या शाळेसमोर भडभुंज्याच्या कढईत फुटाणे तडतडायचे, तो आवाज आज दिवसभर कानात आहे. आत गुरुजी तालावर कविता म्हणून घ्यायचे आणि बाहेरून हा ठेका.

उद्या सोसायटीच्या दिवाळी पहाटेत मला वाचायचं होतं: वैमानिक असताना कॉकपिटमधून पाहिलेली दिवाळी. लिहिलं होतं, की अशाच एका लक्ष्मीपूजनाला पुण्यात उतरताना अख्ख्या शहराचे बाण आमच्या खाली फुटत होते. आवाज अजिबात नाही. इवलेसे. फुटाण्यांसारखे.

सेक्रेटरी साठ्यांनी तो शब्द खोडला. "कॅप्टन, चार लोकांसमोर फुटाणे काय? 'नक्षत्रांची रांगोळी' करा, भारदस्त वाटेल."

"साठे, विमान तुम्ही चालवत होतात का?"

"नाही, पण कार्यक्रम मी चालवतो."

कविता मलाही आवडतात, जन्मभर पाठ करत आलो. पण नक्षत्रं वर होती, खाली फुटाणेच होते. मी पाहिलेत. मग मी हट्टी म्हातारा का? असेन. सांगून आलो, फुटाणे नसतील तर मीही नाही.

एवढं लिहितोय तोच बेल वाजली. दारात साठ्यांच्या मातोश्री! नव्वदीच्या, लिफ्ट बंद म्हणून काठी टेकत दोन जिने चढून आलेल्या.

"उद्या वाचणार नाही म्हणे तुम्ही? मी कधी विमानात बसले नाही हो. मला आत्ताच वाचून दाखवा. आणि आमच्या बाळ्याने खोडलंय ना, तेसुद्धा."