डावीकडचं अर्धं अंगुळ

लश्कर, ग्वाल्हेर

प्रिय गुरुप्रसाद,

‘प्रिय’ लिहावं की नाही, या विचारात चहा गार झाला. शेवटी लिहिलं, कारण तुझ्यासाठी दुसरा मायना मला येत नाही आणि आता नवा शिकायची हौसही नाही. तुझी निमंत्रणपत्रिका मोबाइलवर पोचली. छापली आहे झकास. वर तुझ्या यक्षीचा फोटो, खाली तुझं नाव आणि सोबत निरोप, “चौतीस वर्षांनी मूर्ती आमच्या कॉलेजच्या नव्या दालनात उभी राहतेय, रविवारी तू यायलाच हवंस, ती कुणावरून घडवली हे मी सगळ्यांसमोर सांगणार आहे.” तर ऐक. मी येणार नाही, आणि ती मूर्ती माझ्यावरून घडवली असं तू कुणालाही सांगायचं नाहीस. हे एवढ्यावरही थांबवता आलं असतं, पण तू मला नेहमी दोन वाक्यांत गप्प बसवायचास, म्हणून आज सगळं लिहिते.

बिर्लानगरमधली तुझी खोली आठवते ना? गिरणी कामगारांच्या चाळीत कुणीतरी भाड्याने दिलेली. दारातच तो पिवळट वाळूचा दगड पडलेला, आणि शेजारणी मला ऐकू जाईल अशा बेताने विचारायच्या, “भाईसाहब मूर्ति ही बनाते हैं न?” मी तेवीस वर्षांची होते. माझे बाबा गोरखीच्या शाळेत संस्कृत शिकवायचे, म्हणून शिल्पशास्त्रातले श्लोक तुला उलगडून सांगायचं काम माझ्याकडे होतं. तुला संस्कृतचा गंध नव्हता. केसांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंतचा चेहरा म्हणजे एक ताल, एका तालाची बारा अंगुळं. गळ्यापासून स्तनाग्रांपर्यंत एक ताल, एका स्तनाग्रापासून दुसऱ्यापर्यंत एक ताल, तिथून बेंबीपर्यंत आणखी एक. हे मीच तुला वाचून दाखवलं. ज्या मापाने तू मला मोजलंस, ते तुझ्या हातात मीच दिलं होतं. याचा राग मला तुझ्यापेक्षा स्वतःचाच जास्त येतो.

आपलं लग्न ठरल्यात जमा होतं, म्हणून मी मूर्तीसाठी तुझ्यासमोर बसले. तू बारा गाठी मारलेला मेणाचा दोरा घेतलास. आधी चेहरा मोजलास, खूश झालास, म्हणालास की अगदी पुस्तकातला आहे. मग पदर काढायला सांगितलंस. लाजून माझे कान तापले होते, पण मनातून मी हरखलेही होते, हे कबूल करते. कुणीतरी आपल्याला इतकं लक्ष देऊन बघतंय, असं वाटत होतं. तू दोरा एकदा लावलास, पुन्हा लावलास, आणि दाराची चौकट वाकडी निघाल्यावर सुतार बोलतो त्या सुरात म्हणालास, “डावं अर्धं अंगुळ खाली आहे. शास्त्रात बसत नाही. हरकत नाही, दगडात सुधारून घेऊ.”

आणि घेतलंस सुधारून. चेहरा माझा ठेवलास, खालचं सगळं पोथीतलं. दोन्ही बाजू सारख्या, कलशासारख्या गोल, जिवंत बाईच्या कधी नसतील अशा. मूर्ती पुरी झाली आणि चार महिन्यांत सराफ्यातल्या नीलमशी तुझा साखरपुडा झाला. घरच्यांचा आग्रह होता म्हणालास. असेलही. मी मात्र आरशासमोर उभी राहून अर्धं अंगुळ शोधत होते. नीलमला दोरा लावलास का, हे विचारायचं तेवढं राहून गेलं.

माझंही लग्न झालं. सूर्याजी भला माणूस होता, त्याने मला कधी कशावरून टोचलं नाही. पण दिवा घालवल्याखेरीज मी त्याला जवळ येऊ दिलं नाही. सव्वीस वर्षांत एकदाच त्याने कारण विचारलं, मी म्हटलं सवय आहे. ब्लाउज शिवायला टाकताना मी शिंपिणीला डावीकडे आतून जादा पट्टी लावायला सांगायचे. पदर डाव्या खांद्यावरच येतो याचं मला बरं वाटायचं. तरुणचा, माझ्या मुलाचा, जन्म झाला तेव्हा तर मी कहर केला. डावीकडून पाजलं तर ती बाजू आणखी उतरेल, या भीतीने मी त्याला उजवीकडूनच पाजलं. डावीकडे दूध साठून दगड व्हायचा, ताप भरायचा. सासूबाई कपाळाला हात लावायच्या, सुधाताई वन्सं कोबीची पानं आणून बांधायच्या, आणि मी ओठ दाताखाली दाबून सहन करायचे. भुकेलं पोर रडत होतं आणि मी तुझं शास्त्र सांभाळत होते. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती.

आता हे सगळं आज का, ते सांगते. दीड-दोन वर्षांपूर्वी आंघोळ करताना डावीकडे गाठ हाताला लागली. कातडी थोडी आत ओढलेली दिसत होती. दुसरी बाई दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेली असती. मी म्हटलं, ही बाजू मुळातच बिघडलेली, वयाने आणखी बिघडली असेल. ती काय कुणाला उघडून दाखवायची. असे चौदा महिने काढले. डॉक्टर गरिमा माझ्या मुलाच्या वयाची आहे. तिने विचारलं, “आंटी, इतने दिन क्या करती रहीं?” तेव्हा पहिल्यांदा मी हे अर्ध्या अंगुळाचं तोंडातून काढलं. ती हसली नाही. म्हणाली, “दोनों बराबर किसी के नहीं होते, आंटी. मेरे भी नहीं हैं.” एवढंच होतं रे ते. डावी बाजू त्यांनी काढून टाकली, पण आजार यकृतात पोचला आहे. रविवारी तू मूर्तीवरचा पडदा ओढशील तेव्हा मला सलाईन लावलेलं असेल. माझ्यासाठी तू आता काही करू शकत नाहीस आणि माफी मागत इथे येऊही नकोस. पण माझी भाची प्रांजली यंदा त्याच कॉलेजात, तू शिकवतोस त्या शिल्पकलेच्या वर्गात आहे. परवा ती मोठ्या कौतुकाने सांगत होती, की सरांनी पहिल्याच आठवड्यात आम्हा मुलींना ताल मोजायला शिकवला. आणि मग हळूच मला म्हणाली, “मावशी, मेरा हिसाब कुछ ठीक नहीं बैठ रहा.” रविवारी माझं नाव घेऊ नकोस. त्याऐवजी त्या मुलींना गरिमाचं वाक्य सांग, आणि पुढे हेही सांग की चूक तुझी होती. सांगितलंस की नाही, ते प्रांजली मला येऊन सांगणार आहे. फार दिवस लावू नकोस.

एके काळी तुझीच व्हायला निघालेली,
राजलक्ष्मी